घराच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक: आधी कपाट, मग दुकान

बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी दुकानात जाऊन रिव्हॉल्व्हर हातात धरून बघतात, मॉडेल पसंत करतात, कुणाला तरी फोटो पाठवतात आणि मग अर्ज भरायला बसतात. दोन वर्षांनी परवाना मिळाला तर कळतं, की मागितला तो प्रकार नाही मिळाला. नाहीतर मिळालाय, पण घरात जी बाई दिवसभर एकटी असते तिला त्या शस्त्राला हात लावायची कायद्याने परवानगीच नाही. वडिलांच्या नावावर १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती, म्हणून नात्यागोत्यातले लोक मला अर्जाबद्दल विचारत आले. जवळपास प्रत्येकाची चूक क्रमाचीच होती. म्हणून इथे सगळं क्रमानेच सांगतो. हे महाराष्ट्रापुरतं आहे. कायदा देशभर एकच, पण कार्यालयांची पद्धत राज्याराज्यांत बदलते.

पायरी १: धोका कुणाला, कुठे, कधी, हे कागदावर लिहा

एक कोरा कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. भीती नेमकी कसली आहे? ती ज्या वेळी असते त्या वेळी घरात कोण असतं? पोलीस यायला किती वेळ लागतो?

शेतातल्या वस्तीवर, गावापासून चार किलोमीटर आत राहणाऱ्याचं उत्तर एक असतं आणि पुण्यातल्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्याचं दुसरं. सोसायटीतल्या माणसाला मी सरळ सांगतो, की सुरक्षा दरवाजा, चांगलं कुलूप, दारावरचा कॅमेरा आणि ११२ एवढ्यावर भागत असेल तर अर्जच करू नका. पेपर स्प्रेला परवाना लागत नाही. वस्तीवरच्या माणसालाही आधी फ्लडलाइट, कुंपण आणि कुत्रा. हे झाल्यावरही धोका उरत असेल तर पुढची पायरी.

जुन्नर-शिरूरकडे बिबट्याच्या भीतीने बंदूक मागणारे बरेच भेटतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ मध्ये स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जिवाच्या बचावासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. शेळी किंवा वासरू वाचवण्यासाठी ही सूट नाही. शेळीसाठी गोळी झाडली तर कोर्टाच्या खेपा ठरलेल्या.

तपासा: त्या कागदावर ‘घरात कोण असतं’ याचं उत्तर अर्जदाराच्या नावाशी जुळतं का?

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्या माणसाला शस्त्र दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्या वापरासाठी नेता येतं, एवढीच सवलत आहे. नवरा सोमवार ते शनिवार मुंबईला आणि बंदूक सांगलीच्या मळ्यात, तर ती बंदूक बायकोच्या रक्षणासाठी नाही. अर्ज तिच्या नावावर करा. ती तयार नसेल तर बंदुकीचा विचार तिथेच सोडा.

पायरी २: गोळी झाडायचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो

ही पायरी लोक वगळतात, कारण ती ‘वकिलाची’ वाटते. पण शस्त्र कुठलं घ्यायचं हेही यावरच ठरतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खासगी बचावाचा हक्क आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्यातली तीन कलमं पाठ असलेली बरी.

कलम ३७ मर्यादा सांगतं. बचावासाठी जेवढी इजा करणं गरजेचं, त्याहून जास्त करता येत नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हक्कच नाही.

कलम ३८ शरीराच्या बचावाचं. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटेल असा हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, ॲसिड फेकणं अशा प्रसंगी समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो.

कलम ४१ मालमत्तेचं. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं किंवा स्फोटकाने नुकसान करणं, यांत तो हक्क तेवढाच लांब जातो. साधी चोरी, आगळीक (मुद्दाम केलेली नासधूस) किंवा घरात नुसतं घुसणं यात मात्र तेव्हाच, जेव्हा हक्क वापरला नाही तर मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल.

आता हे अंगणात उतरवून बघा. रात्री दोन वाजता कडी तोडून आत आलेला माणूस आणि दुपारी उघड्या पडवीतून सायकल नेणारा माणूस कायद्यासमोर सारखे नाहीत. आणि जो कुंपणावरून उडी मारून पळतोय त्याच्या पाठीवर झाडलेली गोळी म्हणजे बचाव नव्हे. घरफोडीविरुद्धचा हक्क घरातलं अतिक्रमण चालू असेपर्यंतच टिकतो.

प्रसंग बचावाचा होता हे दाखवायची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावर असते. दिलासा एवढाच, की सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात म्हटलंय, की जिवावर बेतलेल्या माणसाकडून तराजूने मोजून प्रतिकाराची अपेक्षा धरता येत नाही. पण तो दिलासा मिळेपर्यंत गुन्हा नोंद होतो, शस्त्र मुद्देमालात जमा होतं आणि खटला चालतो. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगा.

पायरी ३: परवान्याचा प्रकार ठरवा, मॉडेल नंतर

कायद्याच्या दृष्टीने घरासाठीची शस्त्रं तीन ढिगांत पडतात.

पहिला ढीग गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा. नळी किमान २० इंच असलेली अशी बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर कलम १३(३) ची भाषा अर्जदाराच्या बाजूने झुकलेली आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीलाही तेच कलम लागू. १२ बोअर याच ढिगात येते.

दुसरा ढीग रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि रायफल. इथे ‘योग्य कारण’ दाखवावं लागतं. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम १२ मध्ये कुणाचा विचार करावा हे दिलंय: व्यवसायाच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे जिवाला वा मालमत्तेला खरोखर संरक्षण लागणारा माणूस, सैन्य किंवा पोलीस सेवेत असलेला किंवा होऊन गेलेला माणूस, नियमित नेमबाज. ‘आमच्या भागात चोऱ्या होतात’ एवढं वाक्य इथे चालत नाही.

तिसरा ढीग सामान्य माणसाने विसरायचा: ९ मिमी, .४५, .३०३, ७.६२ अशा लष्करी-पोलिसी काडतुसांची शस्त्रं आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या बंदुका. ‘घरात फिरवायला सोपी जाईल’ म्हणून नळी कापून घेणारे महाभाग आजही आहेत. तसं केलं की परवान्याचं शस्त्र गुन्ह्याचं शस्त्र होतं.

सावध: गावठी कट्टा ‘तात्पुरता’ घरात ठेवू नका. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याची किमान शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षं आहे, कमाल ५. शिवाय तो हातात फुटतो.

एअर गनबद्दल: .१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची असेल तर परवाना नको. पण तिने कुणी घरफोड्या थांबत नाही, आणि अंधारात ती खऱ्या बंदुकीसारखी दिसते. म्हणजे समोरच्याकडे खरी असेल तर तो आधी झाडेल.

पायरी ४: अर्ज

वय २१ पूर्ण हवं. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना अधिकारी पोलीस आयुक्त, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. राहता त्या हद्दीतच अर्ज करा. गावचा पत्ता दाखवून अर्ज आणि राहणं शहरात, ही लबाडी पोलीस पडताळणीत पहिल्याच दिवशी उघडी पडते.

अर्ज फॉर्म ए-१ वर. सोबत ओळख, जन्मतारीख, पत्ता आणि व्यवसायाचे पुरावे, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं आणि व्यसन नसल्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र फॉर्म एस-३ वर, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र फॉर्म एस-२ वर. या हमीपत्रावर लोक न वाचता सही ठोकतात. ते वाचा, कारण पायरी ६ त्याच्यावरच उभी आहे. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षणही लागतं. ते कुठे मान्य आहे, हे कार्यालयातच विचारा.

धोक्याचे पुरावे वेगळ्या फायलीत, तारखेच्या क्रमाने लावा. एफआयआरच्या प्रती, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), धमकीचे मेसेज आणि त्यावर केलेला तक्रार अर्ज, वस्तीचा ७/१२, घर गावापासून किती लांब याचा नकाशा. रोकड किंवा दागिन्यांचा धंदा असेल तर दुकानाची नोंदणी आणि जीएसटीचे कागद. एक पानाचं टिपण वर लावा, पायरी १ च्या कागदावरूनच. तक्रार न नोंदवता ‘मला धमक्या येतात’ असं लिहिणारे सगळ्यात जास्त नाकारले जातात. त्यांच्यावर अविश्वास असतो असं नाही. अधिकाऱ्याला फायलीत काहीतरी बोट ठेवायला लागतं.

मग पोलिसांचा अहवाल. नियमाप्रमाणे तो ३० दिवसांत यायला हवा आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ धरून चला. शेजाऱ्यांचे जबाब होतात, जुने गुन्हे तपासले जातात.

सावध: जुनी चॅप्टर केस (पोलिसांनी बंधपत्र घ्यायला लावलेली प्रतिबंधक कारवाई) लपवू नका. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तनाचं बंधपत्र चालू असेपर्यंत कलम ९ प्रमाणे शस्त्र मिळतच नाही. मुदत संपली असेल तर आदेशाची प्रत लावा आणि मोकळेपणाने सांगा. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना नंतर केव्हाही कलम १७ खाली रद्द होतो. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी झाली आणि बरेच परवाने रद्द झाले, ते आठवा.

नकार आला तर कारणं लेखी मागा. कलम १४ प्रमाणे ती नोंदवावी लागतात, फक्त सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेव्हाच ती अर्जदाराला नाकारता येतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेवरून मोजून ठेवा. आमदाराचं पत्र आणायला धावू नका, वेळ त्यातच जातो.

पायरी ५: शस्त्राची निवड

आता दुकान, पण पायरी ६ मधलं कपाट बसवून झाल्यावरच. एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात, २०१९ पूर्वी ती ३ होती. घरासाठी एक पुरे.

*१२ बोअर, डबल बॅरल.* वस्तीवरच्या घरासाठी माझी पहिली पसंती. बंदूक मोडून उघडली की दोन्ही नळ्यांत काडतूस आहे का हे दिसतं, यंत्रणा साधी, आणि परवान्याची वाट त्यातल्या त्यात सोपी. उणीव लांबीची, अरुंद बोळकांडीत ती वळत नाही. पंप ॲक्शनमध्ये (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीत) काडतुसं जास्त बसतात, पण सराव नसलेल्याच्या हातून ती घाईत अडकते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘छर्रे पसरतात, नेम धरायला नको’ असं दुकानदारसुद्धा सांगतात. खोलीच्या अंतरात छर्रे फार तर मुठीएवढे पसरतात. नेम धरावाच लागतो.

*.३२ रिव्हॉल्व्हर.* लहान घर, हातात ताकद कमी, किंवा धोका प्रवासातही असेल तर. चक्री उघडली की आतलं सगळं दिसतं, म्हणून नवख्यासाठी पिस्तुलापेक्षा बरं. आखूड नळीने नेम साधणं मात्र वाटतं त्यापेक्षा खूप अवघड असतं. सिनेमाने आपलं डोकं बिघडवलंय.

*.३२ पिस्तूल.* सपाट, सोपं वाटतं. पण यातली जीवघेणी चूक ठरलेली: मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजणं. एक गोळी नळीत राहिलेली असते.

*.३१५ रायफल.* वस्तीत नको. तिची गोळी किलोमीटरभराहून पुढे जाते आणि तिथेही कुणाचं तरी घर असतं.

दुकानात हे करून बघा: ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच शस्त्र हातात घ्यावं. बोट चापापर्यंत न ताणता पोहोचतं का? दस्ता (बंदुकीचा मागचा, खांद्याला टेकवायचा भाग) खांद्याला नीट लागतो का? रिकामं शस्त्र डोळे मिटून उघडता येतं का? चष्मा नसताना माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) दिसते का? बिघडलं तर दुरुस्तीला कुठे न्यायचं, हे पैसे देण्याआधी विचारा.

घराच्या भिंतीही बघा. वीट-सिमेंटची भिंत आणि प्लायवूडचं पार्टिशन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पार्टिशनपलीकडे मुलं झोपत असतील तर त्या दिशेला कधीच गोळी झाडता येणार नाही, हे आज, दिवसाउजेडी ठरवा.

काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच घ्या. बुडावर ‘केएफ’ दिसतं ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. आजोबांच्या पेटीतली हिरवी पडलेली काडतुसं वापरू नका. ती नावावर असतील तर रीतसर जमा करा.

तपासा: बिलावरचा आणि शस्त्रावरचा क्रमांक जुळतो का? परवान्यावर दिलेल्या मुदतीत शस्त्र घेऊन, दाखवून, नोंद करून घेतली का? परवान्यावर युनिक ओळख क्रमांक (यूआयएन) आहे का?

पायरी ६: कपाट

खरेदीच्या आधी हे झालेलं असावं. कपाट नसेल तर बंदूक दुकानातच राहू दे.

भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेलं पोलादी कपाट. त्यात रिकामं शस्त्र. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ल्या परवानाधारकाकडे, देवघरातल्या खुंटीवर नव्हे. उशीखाली, गादीखाली, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, धान्याच्या कणगीत नाही. ‘मग रात्री वेळेवर कशी हाताशी येणार?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं, की तो वेळ मजबूत दाराने मिळवायचा असतो. दार दोन मिनिटं टिकत नसेल तर बंदुकीचे पैसे आधी दारावर घाला.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायाला लागली. भांडण नव्हतं, बाहेर निघायची नेहमीची गडबड होती. परवान्याच्या शस्त्राने होणारे अपघात असेच असतात, हाताळताना, ठेवताना, पुसताना. म्हणून शस्त्र हातात घेतलं की पहिलं काम रिकामं आहे का बघणं, तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. दुसऱ्याने ‘रिकामं आहे’ म्हणून दिलं तरी पुन्हा बघायचं.

घरात कुणी नैराश्यात असेल, दारूचं व्यसन लागलं असेल किंवा जमिनीवरून भावकीत हातघाई सुरू असेल, तर शस्त्र त्या काळापुरतं परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. यात लाज काही नाही.

सराव रेंजवरच. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. मळ्यात नारळावर नेम धरणं हा सराव नव्हे. लग्नात, मिरवणुकीत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि परवानाही जातो.

पायरी ७: परवाना जिवंत ठेवणं

मुदत ५ वर्षं. संपण्याच्या किमान २ महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. मुदत संपलेला परवाना आणि घरात शस्त्र म्हणजे विनापरवाना शस्त्र.

परवान्यावरचं क्षेत्र वाचा. ‘महाराष्ट्र’ लिहिलं असेल तर सावंतवाडीहून पणजीला किंवा कोल्हापूरहून बेळगावला गाडीत शस्त्र नेता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी न्यायचं तर झाकून, होल्स्टरमध्ये. घर बदललं तर लगेच परवाना अधिकाऱ्याला कळवा. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला तर पावती घेऊन जमा करा आणि निकालानंतर परत आणायला विसरू नका. पावती हरवलेले लोक महिनोन्महिने खेटे घालतात.

परवानाधारक वारला तर वारसाने शस्त्र लगेच जमा करायचं. आमच्याकडे दहाव्यापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि त्या दहा दिवसांत ती बंदूक कायद्याने कुणाचीच नव्हती. धारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झालं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. ते करून टाका.

पायरी ८: गोळी झाडावी लागलीच तर

शस्त्र सुरक्षित करा. ११२ लावा, पत्ता सांगा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागा, मग तो घरफोड्या का असेना. रिकामी काडतुसं, तुटलेली कडी, पडलेली कटावणी, काहीही हलवू नका, पुसू नका. पंचनाम्यात तीच तुमची साक्ष असते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची व्यवस्था करा. पोलीस आले की गोळी तुम्ही झाडली हे आणि शस्त्र कुठे आहे हे सांगा, परवाना दाखवा. सविस्तर जबाब वकिलाशी बोलून द्या. वकिलाचा नंबर आज रात्रीच कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, परवान्याच्या झेरॉक्सशेजारी.